वॉटर्लूची हाडं कुठे गेली?

पाऊलवाट

ब्रसेल्सजवळ राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. घरी पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला: शनिवारी ब्रुज, रविवारी वॉटर्लू. सिंहाच्या टेकडीच्या २२६ पायऱ्या मी आतापर्यंत अकरा वेळा चढले असेन. वर गेलं की चहूकडे गहू, बटाटे, बीट. वारा इतका की टोपी धरून उभं राहावं लागतं.

गेल्या जूनमध्ये बाबा आले होते. निवृत्त शिक्षक, नकाशा हातात घेतल्याशिवाय कुठे जायचे नाहीत. वरून सगळा परिसर नीट न्याहाळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "इतकी माणसं मेली म्हणतेस, मग थडगी कुठे आहेत?" मी इकडे तिकडे बोट दाखवलं. एक स्मारक इथे, एक स्तंभ तिथे. ते म्हणाले, "ही स्मारकं झाली. मी माणसं विचारतोय."

मला उत्तर देता आलं नाही. अकरा वेळा येऊन हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता, याची खंत वाटली. तेव्हापासून जे वाचलं, जे पाहिलं, त्यासाठी हा धागा.

१८ जून १८१५. नेपोलियनची शेवटची लढाई इथे झाली; समोर इंग्रज सेनापती वेलिंग्टन आणि प्रशियन फौज. त्या एका दिवसात मेलेले आणि जखमी मिळून चाळीस हजारांच्या वर माणसं होती. घोडे वेगळेच. प्रेतं घाईघाईने मोठ्या खड्ड्यांत पुरली, काही जाळली. त्या वेळच्या प्रवाशांनी खड्ड्यांची वर्णनं लिहिली, चित्रं काढली. म्हणजे जागा ठाऊक होत्या. तरीही पुरातत्त्वाच्या लोकांना आजवर तिथे सबंध सांगाडे सापडले ते दोनच. एक २०१२ साली वाहनतळाचं काम चालू असताना, दुसरा २०२२ साली मोंसँजाँच्या शेतघराजवळ. लढाईच्या दिवशी त्या शेतघरात वेलिंग्टनच्या सैन्याचा दवाखाना होता. तिथल्या चरात सांगाड्याबरोबर कापून टाकलेले हातपाय आणि घोड्यांची हाडंही निघाली.

बाकीचे कुठे गेले? टोनी पोलार्ड, बर्नार्ड विल्किन आणि रॉबिन शेफर या तीन अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रं आणि सरकारी दप्तरं चाळून जे मांडलंय ते असं: १८३०च्या दशकात बेल्जियममध्ये बीटाच्या साखरेचा धंदा वाढला. साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा लागतो. हाडांना भाव आला. खड्डे कुठे आहेत हे गावच्या लोकांना माहीत होतं, त्यांनी ते उकरले. माणसांची आणि घोड्यांची हाडं एकत्रच गाडीत भरून गेली.

हे वाचलं त्या रात्री चहात साखर घालताना माझा हात थांबला होता.

नोव्हेंबर २०२३ मध्ये नेपोलियनची एक टोपी फ्रान्समध्ये १९ लाख युरोंच्या वर लिलावात गेली. तिची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. मला टोपीबद्दल तक्रार नाही. पण या काळाचं आजचं खरं कुतूहल टोपीकडून टोपीखालच्या आणि टोपीमागच्या माणसांकडे वळतंय, असं मला वाटू लागलंय. तुमच्यापैकी कुणाला या काळात रस आहे? कशामुळे लागला? मनापासून विचारते आहे.

पॅनमन

धागा वाचला आणि राहवलं नाही. मी साखर कारखान्यात बॉयलिंग हाऊसला ३१ वर्षं काढली, कोल्हापूरकडे. म्हणून साखरेपुरतं बोलतो.

रस काढला की तो काळपट हिरवा असतो, पाहिलेल्यांना माहीत आहे. आमच्याकडे चुन्याची निवळी घालतात आणि गंधकाचा धूर सोडतात. त्याने मळ खाली बसतो आणि रंग फिका होतो. गंधकाची भट्टी जरा मंदावली की साखर लगेच पिवळट दिसते आणि शिफ्ट केमिस्ट धावत येतो. हाडांच्या कोळशाची रीत वेगळी. हाडं बंद भांड्यात, हवा न लागू देता तापवायची. जळून राख होत नाही, काळे दाणे होतात. ते उंच नळकांड्यात भरायचे आणि वरून पाक सोडायचा. वर तांबूस पाक जातो, खाली पाण्यासारखा येतो. दाणे पुन्हा भाजून पुन्हा वापरता येतात, पण झिजतात, म्हणून नवीन हाडं सतत लागतात.

एक शंका. बीटाची साखर युरोपात नेपोलियनमुळेच आली असं आमचे एक जुने चीफ केमिस्ट सांगायचे. खरं का?

पाऊलवाट

पॅनमन काका, इतकं उलगडून कुणी सांगितलं नव्हतं. आभारी आहे.

तुमच्या साहेबांचं बरंचसं खरं होतं. बीटातून साखर निघते हे त्याआधीच जर्मनीत सिद्ध झालं होतं, पण तिला बळ दिलं नेपोलियनने. नोव्हेंबर १८०६ मध्ये त्याने बर्लिनहून हुकूम काढून इंग्लंडशी व्यापार बंद केला. इंग्रज आरमाराने उलट समुद्र अडवला. कॅरिबियन बेटांवरची उसाची साखर येईना. मग मार्च १८११ मध्ये ३२,००० हेक्टरवर बीट लावण्याचा हुकूम निघाला. पॅरिसजवळ पासीला दलेसेर नावाच्या कारखानदाराला चांगली पांढरी साखर जमली, तेव्हा जानेवारी १८१२ मध्ये नेपोलियन स्वतः तिथे गेला आणि त्याला मानचिन्ह दिलं.

त्यानंतर पाच महिन्यांनी तो रशियावर निघाला.

आता हे सगळं एका ओळीत लावून बघा. ज्याने बीट लावायला लावलं, त्याच्याच शिपायांची हाडं पुढे बीटाच्या साखरेसाठी उकरली गेली. मी हे कुठे वाचलं नाही. काकांच्या प्रश्नाचं उत्तर लिहिता लिहिता आत्ता जाणवलं.

रोखठोक

विषय चांगला, मांडणीही चांगली. पण उसाची साखर 'येईना' एवढ्यावर थांबलात हे पटलं नाही. ती साखर कोण पिकवत होतं?

सँ-दोमिंग, म्हणजे आजचं हैती, ही फ्रान्सची सर्वात श्रीमंत वसाहत होती आणि तिथे गुलामांकडून ऊस काढला जायचा. क्रांतीच्या सरकारने ४ फेब्रुवारी १७९४ ला गुलामगिरी रद्द केली. नेपोलियनने २० मे १८०२ च्या कायद्याने ती परत आणली. ग्वादलूपमध्ये लुई देलग्रेस आणि त्याच्या साथीदारांनी शरण जाण्याऐवजी मातुबाच्या वाडीत स्वतःला दारूगोळ्यासकट उडवून घेतलं. सँ-दोमिंगच्या गुलामांचा पुढारी तूसँ लूव्हर्त्यूर याला फसवून पकडून ज्युरा डोंगरातल्या फोर्ट द जूच्या थंडीत ठेवलं, तिथे तो एप्रिल १८०३ मध्ये मेला. तरीही सँ-दोमिंगच्या लोकांनी फ्रेंच फौज हरवली आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं.

मी तीन वर्षं पॅरिसला होतो. २०२१ साली नेपोलियनच्या मृत्यूची द्विशताब्दी होती, तेव्हा ला व्हिलेतच्या प्रदर्शनात मुकुट, गालिचे, घोड्याचे खोगीर यांच्यासोबत हा गुलामगिरीचा मूळ कागदही ठेवला होता. बहुतेक लोक सिंहासनापाशी फोटो काढत होते. त्या कागदापुढे मात्र एक मुलगी आणि तिची आजी, कॅरिबियन असाव्यात, बराच वेळ उभ्या होत्या. आजी बोट काचेवर ठेवून ओळ न् ओळ वाचत होती. मला या काळात रस लागला तो तिथे. टोपीमागची माणसं म्हणताना ही माणसंही धरा, एवढंच म्हणणं.

पाऊलवाट

रोखठोक, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. साखरेची गोष्ट सांगायची तर ती उसाच्या मळ्यातूनच सुरू करायला हवी होती. धागा संपादित करत नाही, तुमचा प्रतिसाद इथेच राहू दे. तो वाचल्याशिवाय पुढे कुणी जाऊ नये.

नाडीपरीक्षा

+१ रोखठोक.

माझा रस वैद्यकीय आहे. मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते. २००१ च्या शरद ऋतूत लिथुआनियात व्हिल्निअसला जुन्या सोव्हिएत बराकी पाडून बांधकाम चाललं होतं, तिथे यंत्राच्या फाळाला हाडं लागली. आधी वाटलं दुसऱ्या महायुद्धातली असतील. मग गणवेशाची बटणं निघाली, त्यांवर रेजिमेंटचे आकडे. १८१२ च्या डिसेंबरात मॉस्कोहून परतताना मेलेले नेपोलियनचे सैनिक होते ते. तीन हजारांहून जास्त. नेपोलियन स्वतः ५ डिसेंबरला फौज सोडून पॅरिसकडे निघून गेला होता.

त्या मातीत उवांचे अवशेष मिळाले. २००६ साली त्यावर निबंध आला, त्यात प्रलापक ज्वर (टायफस) आणि खंदकज्वर (ट्रेंच फीव्हर) यांच्या जंतूंचा माग लागला होता. मी वर्षानुवर्षं मुलांना तेच शिकवत आले. २०२५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेने तिथल्या तेरा सैनिकांच्या दातांमधला डीएनए नव्या पद्धतीने तपासला. त्या तेरा जणांत प्रलापक ज्वर सापडलाच नाही. सापडले पॅराटायफॉइडचे जंतू आणि उवांमधून पसरणाऱ्या पुनरावर्ती ज्वराचे. म्हणून आधीचं खोटं ठरत नाही, तेरा म्हणजे तीन हजार नव्हेत. पण भूक, थंडी आणि एकापेक्षा जास्त रोग एकदम, असं चित्र दिसू लागलं.

दात का, तर दाताच्या आतल्या पोकळीत रक्त पोचत असतं आणि बाहेरचं कवच घट्ट. मरताना रक्तात जे होतं ते तिथे अडकून राहतं. दोनशे वर्षांनंतरही तो रुग्ण आपल्याला तपासता येतो. हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकांवरची मुलंही मोबाइल खाली ठेवतात.

ती हाडं २००३ मध्ये अंतकाल्निस दफनभूमीत सन्मानाने पुरली.

घोडदळ

छान धागा, वाचतोय. मी उलट्या बाजूचा. लहानपणापासून मला नेपोलियनच्या ऑस्टरलिट्झ, येना या लढाया आणि व्यूहरचना यांचंच वेड. कागदी सैनिक कापून पलंगावर लढाया लावायचो. माणसाच्या कर्तृत्वाचं आकर्षण वाटणं यात गैर काय? कॉर्सिकातला मुलगा पस्तिसाव्या वर्षी सम्राट होतो. पण व्हिल्निअसची गोष्ट वाचून आज पहिल्यांदाच त्या कागदी सैनिकांना दात असतील असं मनात आलं.

मांडवीकाठ

गोव्यातून दोन ओळी. आमच्याकडे जो नागरी कायदा चालतो तो १८६७ च्या पोर्तुगीज संहितेवरून आलेला आहे, आणि त्या संहितेवर नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेची छाप आहे. लग्न झालं की नवराबायकोची मालमत्ता, वेगळा करार केला नसेल तर, सामाईक होते. आईच्या नावावर निम्मं घर आपोआप होतं, म्हणून वडील गेल्यावर तिला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. सामाईक मालमत्तेची ही रीत पोर्तुगालची आपली, पण कायदा असा एका पुस्तकात कलमवार बांधायची पद्धत तिकडची.

आणि दोना पावलाला इंग्रजांची एक जुनी दफनभूमी आहे. गोवा पोर्तुगीजांचा, मग इंग्रजांची थडगी कशी? फ्रेंच येऊन उतरतील या भीतीने इंग्रज फौज १७९९ पासून १८१३ पर्यंत इथे तळ देऊन होती. त्या युरोपातल्या लढाईचं हे आमच्या दारातलं टोक.

केळणाकाठ

नमस्कार. मी जालना जिल्ह्यातला, असईपासून जवळच गाव. वेलिंग्टनचं नाव निघालं म्हणून लिहितो.

वॉटर्लूच्या बारा वर्षं आधी, २३ सप्टेंबर १८०३ ला, हाच माणूस आर्थर वेलस्ली या नावाने आमच्या केळणा नदीवर आला होता. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज, शंभराच्या आसपास तोफा. वाटाड्यांनी सांगितलं, इथे नदी पायी ओलांडता येईल असा उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं तर नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं होती. इंग्रज कागदांत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी येतात. दोन गावं अशी समोरासमोर वसली असतील तर मधे उतार असणारच, असं त्याने ताडलं आणि निघालं तसंच. आमच्याकडच्या कुठल्याही गुराख्याने हे सांगितलं असतं.

तो जिंकला, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली, जखमी झाली. म्हातारपणी त्याला विचारलं की तुमची सर्वात चांगली लढाई कोणती, तर असई म्हणाला असं सांगतात. आणि शिंद्यांचे गोलंदाज? इंग्रजांनीच लिहून ठेवलंय, ते तोफा सोडून हलले नाहीत. काही मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि फौज पुढे गेल्यावर उठून तोफा फिरवून पाठीत मारा केला.

पाऊलवाट ताई, तुमच्या बाबांचा प्रश्न मला लागला. आमच्याही शिवारात स्मारक म्हणून दाखवायला फारसं काही नाही. त्या गोलंदाजांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही.

मोडीवाचक

केळणाकाठ, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ बसून राहिलो. मी पुण्यात पेशवे दप्तराचे कागद वाचतो. हजेऱ्या, रोजमुरा म्हणजे पगार, नेमणुका, जखमींना दिलेलं इनाम, मेलेल्याच्या बायकोला बालपरवेशी म्हणजे निर्वाहाची रक्कम, असे कागद मोडीत असतात आणि त्यांत साध्या माणसांची नावं असतात. वाचणारे हात कमी आहेत.

फ्रान्सने काय केलंय ते सांगतो, कारण हेवा वाटण्यासारखं आहे. त्यांच्या लष्करी दप्तरात १८०२ ते १८१५ च्या पायदळाच्या आणि शाही गार्डच्या शिपायांच्या नोंदवह्या आहेत. पानांची छायाचित्रं घरबसल्या बघता येतात आणि हौशी लोक एकेक नाव उतरवून सूची करताहेत. निवृत्त पोस्टमन, शिक्षिका, कुणीही. बहुतेक जण स्वतःच्या पणजोबाच्या पणजोबाला शोधायला येतात आणि मग दुसऱ्यांच्या पूर्वजांसाठी थांबतात.

नोंद कशी असते? नाव, आईबापांची नावं, जन्मगाव. मग उंची. मग कपाळ, डोळे, नाक, तोंड, हनुवटी, केस, अंगावरच्या खुणा. फोटो नव्हते, पळून गेला तर ओळखायचा कसा म्हणून हे लिहायचे. एका पानावर मी एकाखाली एक तीन जण पाहिले, तिघांच्याही चेहऱ्यावर देवीचे व्रण. शेवटच्या रकान्यात तो कुठे लढला आणि त्याचं काय झालं. १८१२ च्या पानांवर तिथे पुन्हा पुन्हा एकच गोष्ट येते: कैद झाला असावा, दीर्घ गैरहजेरीमुळे नाव कमी केलं. नाडीपरीक्षा ताईंनी सांगितलेल्या दातांची ही दुसरी बाजू. तिकडे दात आहेत, नाव नाही. इकडे नाव आहे, देह नाही.

आणि हो, उंची मीटर आणि मिलिमीटरमध्ये असते. मीटर हे माप क्रांतीने १७९५ च्या कायद्याने आणलेलं, तेव्हा अगदी नवं. पॅरिसमध्ये व्होजिरार रस्त्यावर एका कमानीखाली लोकांना सवय व्हावी म्हणून संगमरवरात बसवलेला मीटर अजून आहे. खेड्यातल्या पोराच्या अंगाला हे नवं माप पहिल्यांदा लागलं ते भरतीच्या दिवशी.

लिओंकर

केळणाकाठ यांना एक जोड. शिंद्यांची ती कवायती पलटणं ज्याने उभी केली तो बन्वा द ब्वान्ये इथून, फ्रान्समधल्या लिओंहून, जवळच्या शांबेरीचा. महादजींच्या चाकरीत राहिला, १७९६ मध्ये परत गेला, म्हातारपणी गावाला भरपूर पैसा दिला. त्याच्या आठवणीसाठी १८३८ मध्ये शांबेरीत चार हत्तींचं कारंजं बांधलं. हत्तींना फक्त पुढचा अर्धा भाग आहे, मागचा भाग नाही. मी तिथे बसून घरून नेलेली चटणीपोळी खाल्ली होती. हत्तीच्या सोंडेतून पाणी पडत होतं आणि मला सारखी ग्वाल्हेर आठवत होती.

असईच्या लढाईत मात्र ती पलटणं पोलमान नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली होती.

पाऊलवाट

तुम्ही सगळ्यांनी मिळून जे दिलंत ते मी एकटीने दहा वर्षांत गोळा केलं नसतं. बाबांना धागा वाचून दाखवला. दूरध्वनीवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "केळणावाल्यांना विचार, नांगरताना काही लागतं का?"

विल्किन यांच्या बाबतीत असंच घडलं होतं. वॉटर्लूला त्यांचं व्याख्यान झालं आणि ऐकायला आलेल्या एका माणसाने सांगितलं की माझ्या घरी माळ्यावर प्रशियन सैनिकांची हाडं आहेत. खरोखरच होती, जपून ठेवलेली. म्हणून विचारते.

केळणाकाठ

लागतं. आमच्या शेजारच्या काकांच्या आजोबांना नांगरताना लोखंडी गोळा सापडला होता. तो त्यांच्या दाराशी असतो, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. लहानपणी आम्ही तो उचलायच्या पैजा लावायचो. कुणी मोजला नाही कधी.

मोडीवाचक

मोजा. शिंपी वापरतो तसल्या टेपने घेर आणि काट्यावर वजन. खरवडू नका, धुऊ नका, गंज तसाच राहू द्या. आणि कुठल्या शेतात सापडला ते काकांना विचारून गटनंबरासकट लिहून ठेवा. काकांचं वय झालं असेल, हे आधी करा.

केळणाकाठ

काल जाऊन आलो. घेर २८ सेंटीमीटर. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन २ किलो ६५० ग्रॅम. काकांनी स्वतः शेत दाखवलं, नदीकडच्या उताराला आहे, सध्या कपाशी उभी आहे.

पाऊलवाट

मी हिशेब करून पाहिला. इंग्रजी सहा पौंड म्हणजे २ किलो ७२० ग्रॅम. गंजाने गेलेलं सोडलं तर सहा पौंडी तोफेचा गोळा दिसतो. कुणी डागला ते गोळ्यावरून सांगता येणार नाही. अशा तोफा दोन्हीकडे होत्या.

बाबा आणि मी येतो आहोत. तारीख बाबांनीच ठरवली, २३ सप्टेंबर. केळणेला तेव्हा पाणी किती असतं?

केळणाकाठ

पाऊस बरा झाला तर गुडघ्याच्या वर. उतार आहे तिथेच आहे, मी असेन सोबत. बाबांना म्हणावं, चपला हातात घ्याव्या लागतील.